फायबरवरची लँडलाइन: राउटरमधल्या कॉलिंग सेटिंग्ज कशा वाचायच्या, कुठे हात लावायचा, कुठे नाही

तांब्याच्या दोन तारांच्या काळात घरातल्या फोनला कुठल्या पेटीची गरज नव्हती. एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे, रिंगही तिथूनच यायची आणि गावभर वीज गेली तरी फोन चालू असायचा. फायबर आलं तसं एक्स्चेंजचं निम्मं काम घरातल्या त्या पांढऱ्या पेटीकडे आलं, जिला आपण कधी मॉडेम म्हणतो, कधी राउटर. तिचं खरं नाव ओएनटी. डायल टोन तीच वाजवते, रिंगचा दाब तीच देते, आवाजाचे तुकडे करून इंटरनेटच्या भाषेत पाठवते ती पण तीच. म्हणून लँडलाइन बंद पडली की तपास भिंतीवरच्या खोबणीत नव्हे, या पेटीच्या सेटिंग्जमध्ये करावा लागतो.

तपासाआधी एक गोष्ट टाळा. पेटीच्या मागचं बारीक छिद्र, ज्यात टाचणी घालून रिसेट करतात, त्याला हात लावू नका. इंटरनेट अडलं की रिसेट केलं आणि सुरू झालं, असं अनेकांनी पाहिलेलं असतं, पण लँडलाइनची सगळी माहिती त्याच पेटीत हाताने भरलेली असू शकते. रिसेट केलं की ती पुसली जाते. काही कंपन्यांच्या पेट्या रिसेटनंतर आपली माहिती कंपनीकडून आपोआप मागवून घेतात. बऱ्याच पेट्यांत मात्र ती पुन्हा भरायला माणूस यावा लागतो.

घरात तीन प्रकारचे कॉल असतात

तक्रारीत हे तिन्ही एकत्र होतात आणि मग चुकीची सेटिंग बदलली जाते.

पहिला, पेटीच्या मागे "फोन", "टेल" किंवा "पॉट्स" लिहिलेल्या बारक्या खोबणीत बसवलेला साधा फोन. हा कंपनीचा लँडलाइन क्रमांक. दुसरा, मोबाइलचं वायफाय कॉलिंग: क्रमांक मोबाइलचाच, पण कॉल टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून जातो. तिसरा, ऑफिसने दिलेला आयपी फोन किंवा मोबाइलमधलं सिप (इंटरनेटवर कॉल जुळवण्याची पद्धत, पुढे येईल) अ‍ॅप. व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल यात धरत नाही, कारण त्यांच्यासाठी राउटरमध्ये सहसा काहीच करावं लागत नाही.

पहिला प्रकार तुमच्या इंटरनेटवरून जातच नाही. फायबर एकच असलं तरी आवाजासाठी त्यात वेगळी वाट आखलेली असते. दुसरा आणि तिसरा प्रकार तुमच्याच इंटरनेटमधून जातात आणि घरातल्या बाकी सगळ्यांशी जागा वाटून घेतात. "मुलगा व्हिडिओ बघतोय म्हणून लँडलाइनचा आवाज तुटतो" हे निदान म्हणूनच बहुधा चुकीचं असतं. वायफाय कॉलिंगला ते लागू पडतं.

लॉगिन करण्याआधी पाच मिनिटं

पेटीवरचे दिवे पाहा. "पॉन" स्थिर हिरवा हवा. "लॉस" लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून उजेडच येत नाही, सेटिंग्ज उघडून उपयोग नाही. "टेल" किंवा "व्हॉइप" (म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीने चालणारा फोन) दिवा स्थिर असेल तर क्रमांक नोंदलेला आहे. लुकलुकत असेल तर पेटीप्रमाणे अर्थ बदलतो: कुठे नोंदणी चालू आहे, कुठे रिसीव्हर उचललेला आहे.

फायबरची बारीक वायर कपाटामागे दुमडलेली नाही ना ते बघा. ३ सेंटीमीटरपेक्षा लहान गोलाई दिली की उजेड गळू लागतो. टोकाची हिरवी आणि निळी अशी दोन जातींची कनेक्टरं असतात, त्यांची तोंडं वेगवेगळ्या कोनात घासलेली असतात. हिरवं निळ्यात बसतं, पण बसवू नये. आणि वायर काढलीच तर टोकाकडे डोळा लावू नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, दुखापत मात्र करू शकतो.

मग चालू असल्याची खात्री असलेला, तारेचा साधा फोन थेट पेटीत लावा. कॉर्डलेस नको, कारण त्याची बॅटरी किंवा बेस हाच आजार असू शकतो. रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन आला म्हणजे लाइन चालू, हा तांब्याच्या काळातला नियम इथे पूर्ण लागू होत नाही. टोन पेटी स्वतःच तयार करते. बहुतेक पेट्या नोंदणी नसेल तर एंगेज टोन देतात किंवा गप्प राहतात, काही मात्र बिनधास्त डायल टोन वाजवत राहतात आणि नंबर फिरवल्यावर गळपटतात. मल्टिमीटर असेल तर खोबणीच्या मधल्या दोन तारांवर रिसीव्हर ठेवलेला असताना साधारण ४० ते ५४ व्होल्ट डीसी दिसायला हवेत. शून्य असेल तर फोनचं पोर्ट बंद केलेलं आहे किंवा विजेच्या कडकडाटात गेलं आहे. आपल्याकडे जून आणि ऑक्टोबरात हे हमखास होतं.

आत शिरणं आणि आधी फोटो

लॅपटॉप केबलने किंवा वायफायने त्याच पेटीला जोडा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका. नाही उघडलं तर लॅपटॉपच्या नेटवर्क माहितीत "डीफॉल्ट गेटवे" पाहा आणि तो टाका. वापरकर्तानाव आणि पासवर्ड पेटीच्या तळाच्या स्टिकरवर असतो. त्या नावाने उघडल्यावर व्हॉइपचं पान दिसतच नसेल तर ते कंपनीने लपवलेलं आहे. जिओ आणि एअरटेलच्या पेट्यांत साधारण असंच असतं: फोनची माहिती दुरून, टीआर-०६९ नावाच्या पद्धतीने भरली जाते. तिथे तुमचं काम तार, फोन आणि वीज तपासण्यापुरतं. बीएसएनएलच्या फायबरवर मात्र बाजारात मिळणारी वेगवेगळ्या कंपन्यांची पेटी असते, सेटिंग्ज स्थानिक माणूस हाताने भरतो आणि ती पानं बहुधा दिसतात. पुढचं बरंचसं त्या घरांसाठी आहे.

काहीही बदलण्याआधी वॅन (बाहेरच्या जोडण्या), व्हॉइप आणि डायल प्लॅन या पानांचे मोबाइलने फोटो काढा. "बॅकअप" किंवा "कॉन्फिग सेव्ह" असा पर्याय असेल तर फाइलही उतरवून ठेवा. सिपचा पासवर्ड फोटोत ठिपक्यांसारखाच दिसेल, तो मिळणार नाही. म्हणूनच त्या रकान्यात क्लिकसुद्धा करू नका. काही ब्राउझर तिथे स्वतःचा साठवलेला पासवर्ड भरून टाकतात, तुम्ही खालची दुसरीच गोष्ट बदलून "अप्लाय" दाबता आणि फोन मरतो. कारण सापडायला मग दोन दिवस जातात.

एवढ्यात "स्टेटस" मध्ये ऑप्टिकल पॉवरही पाहून घ्या. लाइनमन याला नुसतं "पॉवर" म्हणतात. आकडा उणे असतो, एकक डीबीएम. उणे १५ ते उणे २४ उत्तम. उणे २७ च्या पलीकडे पेटीला नीट ऐकू येत नाही, उणे ८ पेक्षा जास्त उजेड तिला सोसत नाही. उणे २६ वर इंटरनेट चालल्यासारखं वाटतं, पण कॉलमध्ये अक्षरं गळू शकतात, कारण हरवलेलं वेबपान पुन्हा मागवता येतं, हरवलेला आवाज नाही.

वॅनचं पान: एका तारेत दोन-तीन वाटा

इथे तुम्हाला एकापेक्षा जास्त जोडण्या दिसतील. एकीच्या नावात "इंटरनेट", दुसरीच्या नावात "व्हॉइस" किंवा "व्हॉइप", कधी तिसरी "टीआर-०६९". प्रत्येकीला वेगळा व्हीलॅन क्रमांक असतो. व्हीलॅन म्हणजे पाकिटावरचा शिक्का: त्यावरून कंपनीचं यंत्र ठरवतं की हे पाकीट इंटरनेटकडे पाठवायचं की फोनच्या एक्स्चेंजकडे. हा क्रमांक प्रत्येक ठिकाणी सारखा नसतो. दुसऱ्या गावातल्या कुणी सांगितलेला क्रमांक आपल्या पेटीत घालू नका, आपल्या एक्स्चेंजचा विचारा.

इंटरनेटची जोडणी बहुतेक पीपीपीओई पद्धतीची असते, म्हणजे तिला नाव आणि पासवर्ड लागतो. व्हॉइसची जोडणी बहुधा आयपीओई असते आणि पत्ता आपोआप, म्हणजे डीएचसीपीने मिळतो. काही ठिकाणी ठरलेला पत्ता हाताने घालतात. तुम्हाला तपासायच्या गोष्टी चार.

व्हॉइस जोडणीचा "सर्व्हिस" प्रकार "व्हॉइस" किंवा "व्हॉइप" च निवडलेला हवा. तो चुकून "इंटरनेट" झाला तर पेटी सिपची पाकिटं भलत्या वाटेने पाठवते. तिला मिळालेला आयपी पत्ता ०.०.०.० नको. तसा असेल तर व्हीलॅन चुकला आहे किंवा कंपनीच्या बाजूने ही वाट उघडलेलीच नाही. बरोबर मिळालेला पत्ता बऱ्याचदा १० ने सुरू होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तो कंपनीच्या आतला पत्ता आहे. तिसरं डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा: सिप सर्व्हर आकड्यांऐवजी नावाने लिहिला असेल, तर ते नाव आतल्याच डीएनएसला ठाऊक असतं. त्या जोडणीत कुणी गूगलचं ८.८.८.८ घालून ठेवलं असेल तर नाव सापडणार नाही. चौथं म्हणजे पाकिटांचं प्राधान्य: ८०२.१पी चा आकडा आवाजासाठी साधारण ५ असतो. तो कंपनीने सांगितल्याशिवाय बदलू नका.

सिपचं पान

सिप ही कॉल जुळवण्याची पद्धत. आवाज ती वाहत नाही. कोण कुणाला बोलावतोय, उचललं का, ठेवलं का एवढंच ती सांगते. आवाज आरटीपी नावाच्या दुसऱ्या प्रवाहातून जातो. ही फारकत डोक्यात ठेवली तर निम्मे बिघाड आपोआप उलगडतात: रिंगच होत नसेल तर सिप तपासायचं, रिंग होते पण आवाज नाही तर आरटीपी.

पानावरचे रकाने साधारण असे असतात. "रजिस्ट्रार" म्हणजे जिथे पेटी आपली हजेरी लावते तो सर्व्हर. "प्रॉक्सी" म्हणजे कॉल ज्याच्या हाती द्यायचा तो. "आउटबाउंड प्रॉक्सी" म्हणजे दारावरचा पहारेकरी: सगळी पाकिटं आधी त्याच्याकडे. अनेक कंपन्यांत पहिल्या दोन रकान्यांत एक नाव असतं आणि तिसऱ्यात वेगळा पत्ता. तिन्हींत तेच भरून टाकण्याचा मोह आवरा. पोर्ट बहुतेक ५०६०, वाहतूक यूडीपी.

मग क्रमांकाचे तीन रकाने: दाखवायचं नाव, वापरकर्तानाव आणि ऑथेंटिकेशन आयडी. इथे लिहिण्याची पद्धत काटेकोर असते. अनेक ठिकाणी वापरकर्तानावात +९१, मग शून्याशिवाय एसटीडी कोड, मग क्रमांक असतो. म्हणजे पुण्याचा असेल तर +९१२० आणि पुढे आठ अंक, पणजीचा असेल तर +९१८३२ आणि पुढे सात. ऑथेंटिकेशन आयडीमध्ये त्यापुढे @ आणि कंपनीचं डोमेनही लागू शकतं. बेरजेचं चिन्ह गळालं, ०२० मधला शून्य राहिला, शेवटी एक रिकामी जागा शिरली, तिन्हींचा परिणाम एकच: नोंदणी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं नाव कॉपी करून चिकटवलं की शेवटची रिकामी जागा हमखास येते.

"रजिस्टर एक्स्पायरी" बहुतेक ३६०० सेकंद. तासातून एकदा हजेरी. हा आकडा कमी केला की लाइन मजबूत होते असा समज आहे. होत नाही, फक्त सर्व्हरवर थाप जास्त वेळा पडते.

आता स्टेटसमध्ये काय दिसतं ते. "रजिस्टर्ड" असेल तर ठीक. नसेल तर काही पेट्या कारणाचा आकडा देतात, नोंदवहीत तर बहुधा असतोच. ४०१ पाहून दचकू नका. सर्व्हर पहिल्यांदा "पासवर्ड दाखव" म्हणतो तो ४०१, त्यानंतर २०० आला की झालं. ४०१ वरच गाडी फिरत राहिली तर पासवर्ड किंवा ऑथेंटिकेशन आयडी चुकला. ४०३ म्हणजे सर्व्हरने ओळखलं पण नकार दिला: पासवर्ड चुकीचा, क्रमांक बिल थकल्यामुळे बंद, किंवा एक्स्चेंजमध्ये तो अजून चढवलेलाच नाही. नवीन जोडणीत शेवटचंच कारण जास्त वेळा निघतं, आणि तिथे घरी बसून काहीही बदलून फायदा नसतो. ४०४ म्हणजे असा क्रमांकच ठाऊक नाही, लिहिण्याची पद्धत तपासा. ४०८, किंवा काहीच उत्तर नाही, म्हणजे पाकीट पोहोचलंच नाही: वॅनच्या पानावर परत जा. ४८८ कॉल लावताना येतो, त्याचं कारण पुढच्या भागात.

कोडेक आणि आजूबाजूचं

कोडेक म्हणजे आवाज बांधायची रीत. भारतात पहिली पसंती जी.७११ ए-लॉ ठेवा, दुसरी जी.७२९. जी.७११ यू-लॉ ही अमेरिकेची आणि जपानची, ती यादीत खाली राहू द्या. दोन्ही बाजूंना समान कोडेक सापडला नाही तर ४८८ येतो, म्हणून यादीत एकच कोडेक ठेवण्याचा हट्ट नको.

जी.७११ मध्ये दर सेकंदाला ५० पाकिटं जातात, प्रत्येकात २० मिलिसेकंदांचा आवाज. आवाजाचे १६० बाइट, वर पत्त्यांचे ४० बाइट, म्हणजे दोन्ही दिशांना प्रत्येकी सुमारे ८० किलोबिट. इतक्या कमी जागेसाठी फायबरवर जी.७२९ पहिला ठेवून आवाज चिरका करून घेण्यात अर्थ नाही.

बँकेच्या किंवा गॅसच्या कॉलमध्ये "एक दाबा, दोन दाबा" म्हटल्यावर दाबलेलं पोहोचत नसेल तर "डीटीएमएफ" मध्ये "आरएफसी २८३३" निवडा, पेलोड प्रकार बहुधा १०१. "इनबँड" ठेवलं तर बटणाचा सूर आवाजातूनच जातो आणि जी.७२९ तो मोडून टाकतो. फॅक्स वापरत असाल (दवाखान्यांत आणि सरकारी कचेऱ्यांत अजून आहेत) तर "सायलेन्स सप्रेशन" बंद करा आणि जी.७११ किंवा टी.३८ निवडा.

स्वतःच्या बोलण्याचा प्रतिध्वनी येत असेल तर "इको कॅन्सलेशन" चालू आहे का पाहा, मग आवाजाचा "गेन" ३ डेसिबलने कमी करा. वाढवू नका. आवाज बारीक वाटतो म्हणून गेन वाढवणं हेच प्रतिध्वनीचं सर्वांत मोठं कारण. समोरच्याचा नंबर दिसत नसेल तर "कॉलर आयडी" मध्ये एफएसके असल्यास डीटीएमएफ करून पाहा, किंवा उलट. जुने फोन यांतली एकच भाषा जाणतात. आणि आजोबांच्या काळचा चकतीचा फोन जोडणार असाल तर त्यावर रिंग वाजेल, बोलणं होईल, पण अनेक पेट्यांना चकतीचे ठोके मोजता येत नाहीत, नंबर फिरणार नाही.

डायल प्लॅन: एवढीशी ओळ, मोठा ताप

"इनकमिंग येतो, मोबाइलला कॉल लागतो, १९३० (सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक) लागत नाही." अशा तक्रारीचं मूळ "डायल प्लॅन" किंवा "डिजिट मॅप" नावाच्या एका ओळीत असतं. तुम्ही अंक दाबत असताना आता पुरे झाले, पाठवा, हे पेटी कशावरून ठरवते? या ओळीवरून. त्यात एक्स अक्षर म्हणजे कोणताही एक अंक, चौकोनी कंसातले अंक म्हणजे त्यांपैकी एक, उभी रेघ म्हणजे "किंवा", आणि टी म्हणजे "थोडं थांबून पाहा, आणखी अंक येतात का".

महाराष्ट्रातल्या घरासाठी ही ओळ काय काय सांभाळते ते पाहा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला कॉल करताना आधी शून्य लागतो, म्हणजे शून्य, मग ६ ते ९ पैकी अंक, मग आणखी ९ अंक: एकूण ११. परगावची लँडलाइनही शून्य धरून ११ अंकांचीच होते, मग कोड पुण्याचा ०२० असो, नागपूरचा ०७१२ असो की रत्नागिरीचा ०२३५२. कोड जितका लांब, पुढचा क्रमांक तितका आखूड. स्थानिक क्रमांक मात्र पुण्या-मुंबईत ८ अंकी, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, गोव्यात ७ अंकी, रत्नागिरीत ६ अंकी. पुण्याहून पेटी उचलून कोल्हापुरात लावली आणि ओळ तीच राहिली, तर ७ अंक दाबल्यावर पेटी आठव्याची वाट बघत बसते.

आता घोळ कुठे होतात. कुणी "१ आणि पुढे दोन अंक" असा नियम थांब्याशिवाय लिहिला, तर १००, १०८, ११२ लगेच लागतात, पण १९३० दाबताना १९३ झाल्याबरोबर पेटी कॉल पाठवून टाकते. १०९८ ची तीच गत, १८०० ने सुरू होणाऱ्या मोफत क्रमांकांचीही. उपाय: ११२, १००, १०१, १०२, १०८ हे स्पष्ट लिहायचे आणि १ ने सुरू होणाऱ्या बाकी सगळ्यांना टी लावायचा. दुसरा घोळ परदेशाचा. "शून्य आणि पुढे कोणतेही १० अंक" असा नियम असेल तर ००९७१ ने सुरू होणारा दुबईचा नंबर ११ अंकांवरच तोडला जातो. म्हणून शून्यानंतरचा अंक १ ते ९ पैकी असा बांधायचा आणि ०० साठी टी असलेला वेगळा नियम ठेवायचा. तिसरा: "कोणतेही ८ अंक" असा सैल स्थानिक नियम असेल आणि कुणी शून्य न लावता मोबाइल नंबर दाबला, तर पहिले ८ अंक घेऊन कॉल भलत्याच घरी वाजतो.

"इंटर-डिजिट टाइमआउट" ४ ते ५ सेकंद ठेवा. २ सेकंद ठेवलं तर वयस्कर माणसाला चष्मा सावरत नंबर दाबायला वेळ पुरत नाही. नंबरानंतर # दाबलं की बहुतेक पेट्या न थांबता पाठवतात.

घरातली जुनी तार

पूर्वीच्या तांब्याच्या वायरिंगवर तीन खोल्यांत फोन असतील आणि तेच चालू ठेवायचे असतील, तर पेटीच्या फोन पोर्टमधून एक तार भिंतीवरच्या जुन्या रोझेटमध्ये, म्हणजे फोनच्या खोबणीत, नेता येते. पण त्याआधी खांबावरून किंवा इमारतीच्या डब्यातून आलेली जुनी तांब्याची जोडी तिथून तोडून वेगळी करा. ती मृत दिसत असली तरी तिच्यावर एक्स्चेंजचा दाब असू शकतो, किंवा ओल लागून दोन तारा चिकटलेल्या असू शकतात. पहिल्या प्रकारात पेटीचं पोर्ट जळतं, दुसऱ्या प्रकारात पेटीला वाटतं रिसीव्हर कायम उचललेला आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला एंगेज ऐकू येतं. या छोट्या पेट्यांच्या रिंगमध्ये एक्स्चेंजइतका जोर नसतो. दोन-तीन फोन ठीक, घंटीवाले जुने चार-पाच जोडले की सगळेच मुके होतात.

लक्षणावरून कारण

एका बाजूचाच आवाज येतो: कॉल जुळला आहे, आरटीपीची पाकिटं एका दिशेने हरवत आहेत. लँडलाइनमध्ये सिपच्या पानावर "बाउंड इंटरफेस" किंवा "वॅन निवडा" मध्ये व्हॉइसऐवजी इंटरनेटची जोडणी निवडली गेली आहे का पाहा. आयपी फोनमध्ये कारण बहुधा राउटरमधलं "सिप एएलजी" असतं. हे खरं तर मदतीसाठी आलेलं: राउटर सिपचं पाकीट उघडून आतला घरचा पत्ता बदलून बाहेरचा लिहितो. अर्धवट बदलतो, मग पत्ते जुळत नाहीत. ऑफिसचा आयपी फोन असेल तर ते बंद करा. लँडलाइनला त्याने फरक पडत नाही.

उचलल्यानंतर बरोबर अर्ध्या मिनिटाने कॉल तुटतो: "उचललं" हा निरोप पोहोचल्याची पोच सर्व्हरला मिळत नाही. सिपच्या नियमांप्रमाणे तो ३२ सेकंद वाट बघतो आणि कॉल सोडतो. कारण वरचंच, पत्त्यांचा घोळ.

कॉल दर वेळी १५ किंवा ३० मिनिटांनी तुटतो: "सेशन टायमर". १८०० सेकंदांचा ठराव असतो, निम्म्यावर नूतनीकरण होतं, ते फसतं. कंपनीला हे मिनिटासकट सांगा, त्यांना लगेच कळेल.

बाहेर कॉल लागतो, पण आत काही वेळाने येणं बंद होतं आणि पेटी बंद-चालू केल्यावर पुन्हा येऊ लागतं: आयपी फोनमध्ये हे राउटरने वाट विसरल्याचं लक्षण. यूडीपीची वाट काही राउटर ३० सेकंदांतच पुसतात. फोनमध्ये "कीप-अलाइव्ह" २० ते २५ सेकंद ठेवा. इंटरनेटवाल्याकडून १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता मिळत असेल, म्हणजे अनेक घरांत एकच बाहेरचा पत्ता वाटलेला असेल, तर हे आणखी गरजेचं.

रात्री दोन वाजता १०० किंवा १००१ अशा नंबरावरून रिंग, उचललं तर कुणी नाही: तुमच्या आयपी फोनचं ५०६० पोर्ट बाहेरच्या जगाला उघडं आहे आणि कुणीतरी यंत्राने दारं ठोठावत फिरतंय. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट आत येऊ देणारी वाट) काढून टाका. घरच्या फोनला त्याची गरज नसते. पेटीचा अ‍ॅडमिन पासवर्ड अजून स्टिकरवरचाच असेल तर तोही बदला, आणि आयएसडी लागत नसेल तर कंपनीला सांगून बंद करून घ्या. चोरलेल्या सिप खात्यावरून परदेशी कॉल मारले जातात, बिल तुमच्या नावावर येतं.

स्वतःचा चांगला राउटर लावायचा असेल तर

अनेक जण ओएनटी "ब्रिज" करून, म्हणजे तिला इंटरनेट नुसतं पुढे सरकवायला लावून, मागे स्वतःचा राउटर लावतात. करा, पण ब्रिज फक्त इंटरनेटची जोडणी होते. व्हॉइसची जोडणी ओएनटीमध्ये जशीच्या तशी, "राउट" पद्धतीतच राहिली पाहिजे आणि फोनही ओएनटीतच लागला पाहिजे. जुन्या जोडण्या पुसून नवी करण्याची घाई झाली की व्हॉइसची वाट जाते. इंटरनेट झकास चालतं, लँडलाइन गेल्याचं आठवड्याने कळतं.

वायफाय कॉलिंग

कोकणातल्या दरीतली घरं, जाड चिऱ्यांच्या भिंती, शहरातले तळमजले: मोबाइलला रेंज नाही पण फायबर आहे, अशा ठिकाणी याचा खरा उपयोग. भारतात हे २०१९ च्या डिसेंबरात एअरटेलने आणि पुढच्याच महिन्यात जिओने सुरू केलं. फोन तुमच्या वायफायवरून कंपनीपर्यंत एक बंद बोगदा खणतो, यूडीपी ५०० आणि ४५०० या पोर्टांतून. आतलं राउटरला दिसत नाही, म्हणून सिप एएलजी चालू असो की बंद, इथे काही बदलत नाही. पोर्ट फॉरवर्डिंगही नको, कारण बोगदा आतून बाहेर खणला जातो.

राउटरमध्ये बघायचं ते इतकंच: "आयपीसेक पासथ्रू" असेल तर चालू, फायरवॉलने ही दोन पोर्टं अडवलेली नाहीत, आणि जाहिराती अडवणारं डीएनएस वापरत असाल तर ३जीपीपीनेटवर्क.ऑर्ग ने संपणारी नावं त्यात अडकत नाहीत. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर बोगदा बऱ्याचदा लागत नाही. चाचणी सोपी: फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग फक्त वायफाय चालू करा आणि कॉल लावा. लागला तर वायफाय कॉलिंग चालतंय. एरवी फोन टॉवरवरून कॉल लावतो आणि आपण राउटरला श्रेय किंवा दोष देत बसतो.

इथे मात्र घरातली गर्दी आडवी येते. डाउनलोडपेक्षा अपलोडची. फोटोंचा बॅकअप सुरू झाला की वर जाणारी वाट भरते, आवाजाची पाकिटं राउटरमध्ये रांगेत उभी राहतात. एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं सहज वाटतं, त्यापुढे दोघं एकमेकांच्या वाक्यात शिरू लागतात. राउटरमध्ये "एसक्यूएम" (ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल तर चालू करा आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. नुसतं "क्यूओएस" (कुणाला आधी सोडायचं ते ठरवणारी सोय) असेल तर डीएससीपी ४६ च्या, म्हणजे आवाजाची खूण असलेल्या, पाकिटांना सर्वांत वरचा क्रम द्या.

वीज

पेटीचा अ‍ॅडॉप्टर बहुतेक १२ व्होल्टचा, १ ते २ अँपिअरचा असतो. त्यावरचा आकडा वाचून तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा छोटा राउटर यूपीएस घ्या. इन्व्हर्टर असला तरी, वीज जाताना होणाऱ्या क्षणभराच्या खंडात पेटी पुन्हा सुरू होते, आणि फोनची नोंदणी परत लागायला काही मिनिटं जातात. घरात आजारी माणूस असेल आणि मोबाइलला रेंज नसेल तर ती मिनिटं मोजण्यासारखी आहेत.

तक्रार करायची वेळ आलीच तर "फोन बंद आहे" एवढं सांगू नका. लॉस दिवा विझलेला आहे, पॉवर उणे २१, व्हॉइस जोडणीला १० चा पत्ता मिळालेला आहे, सिपला ४०३ येतो: हे चार तुकडे सांगितले की बोलणारा तुम्हाला पेटी बंद-चालू करायला सांगत बसणार नाही, तक्रार थेट एक्स्चेंजकडे सरकवेल.